सुरी धारदार, हात सलामत

मटणाचे दुकान, मुर्गीचा गाळा, कबाबची गाडी, शादीच्या जेवणाचे काम घेणारे बावर्ची, चामड्याचे कारखाने अशा अनेक धंद्यांतून आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची रोजी सुरीच्या पात्यावर चालते. दुकानदार वजनकाट्याची, फ्रीजची, उधारीच्या वहीची काळजी घेतो. पण ज्या हातांवर धंदा उभा आहे त्यांचा विचार रक्त आल्यावरच होतो. "या धंद्यात हात कापायचाच," असे म्हणून जखमेवर फडके बांधले जाते आणि काम पुढे चालू राहते. उस्तादाच्या बोटांवरील जुने वण शागीर्दाला अनुभवाची निशाणी वाटतात. वास्तविक हात कापणे हा हुनराचा भाग नव्हे. कामाची पद्धत थोडी बदलली तर यातील पुष्कळ जखमा टाळता येतात.

बोथट सुरी जास्त धोक्याची

धारदार सुरी धोक्याची व बोथट सुरी सुरक्षित, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बोथट सुरी मांसात शिरत नाही म्हणून हात जोर लावतो. हाड किंवा चरबीवरून पाते एकदम घसरले की तो सगळा जोर दुसऱ्या हातावर येतो. धारदार सुरीला जोर लागत नाही, त्यामुळे ती ताब्यात राहते. जबीहासाठी सुरी धारदार असावी, हा नियम जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून आहे. तीच धार कापणाऱ्याच्या हाताचेही रक्षण करते.

येथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बोथट सुरीची सवय झालेल्या हाताला नवी धार कळत नाही व तो पूर्वीसारखाच जोर लावतो. म्हणून सुरीला धार लावून आणली की दुकानातील प्रत्येकाला तसे सांगावे.

धार लावताना

दगड एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यावर सुरी घासण्याची पद्धत सोडून द्यावी. दगड घसरला की पाते सरळ तळहातावर येते. दगडाखाली ओले फडके घालून तो टेबलावर घट्ट बसवावा किंवा लाकडी चौकटीत पक्का करावा. पाते दगडाशी दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा कोन करील असे धरावे. दाब देणारी बोटे पात्याच्या सपाट भागावर ठेवावीत, धारेच्या पुढे येऊ देऊ नयेत. आधी खरबरीत बाजू, मग बारीक बाजू वापरावी.

पोलादी गजावर धार फिरवताना गजाच्या मुठीला आडवी कडी असावी व अंगठा तिच्या मागे असावा. सर्वांत सुरक्षित म्हणजे गजाचे टोक ठोकळ्यावर टेकवून तो उभा धरावा व सुरी वरून खाली फिरवावी. गिऱ्हाईकासमोर हवेत झपाझप गज-सुरी चालवण्याने धार अधिक चांगली होत नाही, धोका तेवढा वाढतो. विजेच्या चाकावर काम करताना डोळ्यांना चष्मा हवा. सैल बाही किंवा खांद्यावरचा रुमाल चाकाजवळ नको.

धार पाहण्यासाठी पात्यावरून अंगठा फिरवू नये. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहावा. पाते पुसताना फडके धारेच्या उलट बाजूने, म्हणजे पाठीकडून धरावे.

काम करताना

मोकळा हात पात्याच्या वाटेत येऊ न देणे हा मुख्य नियम होय. सुरी निसटली तर ती कोठे जाईल, याचा विचार करून मगच दुसरा हात ठेवावा. मांस धरताना बोटांची टोके आत वळवावीत. सत्तूर मारताना तुकडा धरणारा हात घावापासून दूर ठेवावा. चिंचेचा ठोकळा डगमगत असेल तर आधी तो बसवावा.

मूठ चरबीने निसरडी झाली की टोचण्याच्या कामात हात मुठीवरून पुढे सरकून पात्यावर जातो. अशा वेळी बोटे वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे आतील दोरीसारखे बंध, तुटतात. म्हणून मूठ वरचेवर पुसावी. पात्याजवळ उंचवटा असलेली मूठ घ्यावी.

हाडे सोडवताना सुरी स्वतःकडे ओढली जाते, हे सर्वांत धोक्याचे काम. पाते सुटले तर जांघेत घुसते. तेथे मोठी रोहिणी असून ती कापली गेल्यास काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. शक्य तेथे पाते अंगापासून दूर न्यावे किंवा अंग बाजूला ठेवून उभे राहावे. पोलादी कड्यांचा हातमोजा व एप्रन मोठ्या कत्तलखान्यांत वापरतात, तो खर्च वाया जात नाही. कापडासारखे धारविरोधी हातमोजे पाते घासले तर वाचवतात, टोक घुसले तर नाही. हाडे कापण्याच्या विजेच्या करवतीवर वा खिम्याच्या मशीनवर मात्र हातमोजा घालू नये. तो अडकून हात आत ओढला जातो.

फ्रीजमधील गोठलेले तुकडे सुरीच्या टोकाने वेगळे करू नयेत. हातून सुटलेली सुरी पकडू नये, पाय मागे घेऊन पडू द्यावी. साबणाच्या पाण्याच्या बादलीत सुरी सोडून देऊ नये, दुसऱ्याचा हात तिच्यावर पडतो. सुरी हातात न देता ठोकळ्यावर ठेवावी व दुसऱ्याने उचलावी. बकरी ईदच्या दिवशी वर्षभर सुरी न धरलेले हातही कामाला लागतात. त्या दिवशी हे नियम घरात आधीच सांगून ठेवावेत.

हात कापल्यावर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा व १० ते १५ मिनिटे मध्ये न उघडता दाब ठेवावा. रक्त थांबल्यावर लहान जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, चुना, कॉफी, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये.

त्यानंतर प्रत्येक बोट वाकते का व सरळ होते का, बोटाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का, हे पाहावे. बोट वाकत नसेल तर कंडरा, बधिर असेल तर मज्जातंतू तुटला असण्याची शक्यता असते. वरून जखम अर्ध्या इंचाची दिसते व दुखतही फारसे नाही, म्हणून माणूस घरी बसतो. दिवस गेले की तुटलेली टोके आत सरकतात व जोडणे अवघड होते. त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वेळेवर जोडलेल्या कंडरेलाही पूर्ण ताकद येण्यास सुमारे ३ महिने लागतात.

बोट तुटून पडले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये.

धनुर्वाताची लस १० वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. जखम घाण असेल तर ५ वर्षांनंतरही घ्यावी लागते. जनावरांच्या मांसातून व रक्तातून काही रोगजंतू जखमेवाटे शरीरात जातात. बोटावर जांभळट लाल सूज पसरली, किंवा काही दिवसांनी वारंवार ताप, घाम व सांधेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आपला धंदा अवश्य सांगावा, म्हणजे निदान लवकर होते.

मालकाने काय करावे

कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्याने मालकावर टाकली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण कायद्याच्या आधी व्यवहार पाहावा. कुशल कारागीर ३ महिने घरी बसला तर दुकानाचे गिऱ्हाईक तुटते आणि त्याच्या घरची चूल अडते. बोट कायमचे वाकडे राहिले तर त्याचा हुनरच जातो. त्यामानाने चांगला दगड, पक्का ठोकळा, हातमोजा व मलमपट्टीची पेटी यांचा खर्च किरकोळ आहे.

नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी सत्तूर देऊ नये. सुरी कशी धरावी, धुवावी, ठेवावी व धार कशी लावावी, हे आधी शिकवावे. धार लावण्यासाठी सकाळी गिऱ्हाईक येण्यापूर्वीची वेळ ठरवून द्यावी, कारण घाईत लावलेली धार हातावरच येते. उस्तादांनी शागीर्दांना मांस कापण्याच्या हुनराबरोबर हात राखण्याचीही शिकवण दिली तर पुढच्या पिढीच्या बोटांवर एवढे वण दिसणार नाहीत.