फोनची दुरुस्ती व आपली सुरक्षितता

स्मार्टफोनची कांच फुटली म्हणजे आम्ही तो निःशंकपणें जवळच्या दुकानांत देतों. परंतु ती केवळ कांच नव्हे. तिच्या पाठीशीं बोटाचा स्पर्श ओळखणारी चिप असते, व तिनें कळविलेला प्रत्येक स्पर्श फोन मालकाचाच समजतो. हा भागच लबाड निघाला तर काय होईल?

इस्राएलांतील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. बदललेल्या पडद्याच्या जोडणींत त्यांनीं एक लहानशी चिप बसविली. तिनें मालकाचे स्पर्श टिपले, स्वतःचे खोटे स्पर्श पाठविले व अखेर फोनच ताब्यांत घेतला. सामानाचा खर्च १० डॉलरांहूनही कमी! कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार.

तथापि हा प्रयोग होता. त्यावरून प्रत्येक कारागिरास चोर मानणें अन्यायाचें होईल. नित्याची चूक आमचीच असते: फोनबरोबर आम्ही पिनही सांगून मोकळे होतों. म्हणून विद्यार्थीमित्रहो, दुरुस्तीपूर्वीं माहितीची नक्कल काढून ठेवावी, शक्य तर फोन रिकामा करावा, पिन कोणासही सांगूं नये, व नवा भाग कोठला हें अवश्य विचारावें. विश्वास ठेवावा, पण तो डोळस असावा.