पाणी इथे गळते, फट वर असते

प्रश्न : वादळात आमचे एकही कौल उडाले नाही की फुटले नाही. तरी माजघरात धार लागते. नेमकी त्या जागेवरची कौले बदलली, पण गळती तशीच. असे का होते? – एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : तुमचे कौल फुटलेले नाही, सरकलेले आहे. मंगळोरी कौल सहसा खिळ्याने ठोकत नाहीत. खालच्या अंगाच्या उंचवट्यांनी ते रिपेला अडकते आणि स्वतःच्या वजनावर बसून राहते. जोराचा वारा आढ्यावरून पलीकडे जाताना त्या बाजूची कौले वर ओढतो. कौल क्षणभर उचलते आणि परत पडते, पण तिरके. अंगणातून पाहिले तर सगळे जागच्या जागी दिसते.

शिवाय आत शिरलेले पाणी तिथेच खाली पडत नाही. वाशाच्या पोटाला धरून उताराने ओघळते आणि गाठ किंवा सांधा आला की ठिबकते. थेंब माजघरात पडतो, फट असते चार-पाच हात वर, आढ्याकडे. तुम्ही कौले बदललीत ती थेंबाच्या डोक्यावरची.

भर दुपारी माळ्यावर जा, खालचे दरवाजे लावून घ्या. अंधारात उजेडाचा ठिपका दिसेल. नाही दिसला तर वाशावरचा ओघळाचा काळा डाग बोटाने वर वर शोधत न्या. कौलांच्या कडेच्या पन्हळीही पाहा. वादळाने आंब्याची पाने तिथे कोंबलेली असतात, पाणी तुंबते आणि आत उलटते. अशा वेळी नुसता झाडू पुरतो. आढ्यावरच्या कोन्यांचा गिलावा तडकला असेल तर तो मात्र नव्याने भरावा लागतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आले आणि ११ जूनला मान्सून राज्यात पोचला. शाकारायला आठवडाच मिळाला. अशा घाईत ताडपत्री टाकाल तर ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर घ्या. वरची कड मध्येच सोडली तर पाणी तिच्याखालून शिरते.

पाणी विजेच्या तारांजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कुणालाही चढवू नका. आणि डागडुजीआधी फोटो काढून तलाठ्यांना कळवा. पंचनाम्याला मोडके छप्पर दिसायला हवे.