ओम्नीचं हेड उतरवण्याआधी

चि. बाळू यास,


ओम्नीचं हेड गॅस्केट गेलंय आणि गिऱ्हाइकाला गाडी उद्याच हवी आहे, असं तुझी आई फोनवर म्हणाली. उद्याचा शब्द देऊ नकोस. नवं गॅस्केट टाकलंस की गाडी चालू होईल, पण जुनं का गेलं ते सापडलं नाही तर पहिल्याच घाटात ती पुन्हा उकळेल आणि नाव तुझं जाईल.

गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. आधी गाडी तापते, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, मग गॅस्केट जळतं. म्हणून पाना उचलण्याआधी रेडिएटर तुंबलाय का, पंखा वेळेवर लागतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, वॉटर पंपाखाली ओल आहे का, हे बघ. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली दडलेलं असल्यामुळे बारीक गळती लवकर नजरेत येत नाही. मालकाला विचार, कूलंट घालत होता की नळाचं पाणी? नळाचं असेल तर आतल्या वाटांत क्षार आणि गंज बसलेला असणार.

डिपस्टिकवर दुधाळ ऑइल किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला, तरी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजच. शेजारच्या दोघांत कमी भरलं तर मधल्या पट्टीत गॅस्केट जळालंय.

हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. बोल्ट सोडताना कडेकडून आत ये, टप्प्याटप्प्याने. मग खरं काम सुरू होतं, आणि घाईत नेमकं तेच टाळलं जातं. हेड स्वच्छ करून त्यावर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेव. 0.05 मि.मी.ची फीलर पाती सहज सरकली, तर हेड फेसिंगला पाठव. ही फट केसाहून बारीक असते, डोळ्यांनी कळत नाही. ब्लॉकचा माथाही तसाच तपास. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडर लावू नकोस. त्याचे कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जातात. बोल्टची भोकं कोरडी कर. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

आवळताना मधून बाहेर जा, निदान तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क पान्याने. हाताच्या अंदाजावर मी आयुष्यभर काम केलं, पण हेडच्या बोल्टला तो अंदाज मी कधी लावला नाही. टायमिंगच्या खुणा दोनदा जुळव. ऑइल आणि फिल्टर नवेच घाल, कूलंट भरताना हवा काढ.

फेसिंग, कूलंट, गरज पडली तर पंप, हा सगळा खर्च मालकाला आजच सांग. नको म्हणाला तर गाडी उघडूच नकोस. हेड फेसिंगवरून आलं की मला फोन कर, तोवर नव्या गॅस्केटचं पाकीट फोडू नकोस.

तुझा,
मामा