उडून गेला, तो पक्षी कोणता?

(घरात पाळलेला पक्षी एखाद्या दिवशी उडून जातो. मग घरात रडारड होते, एकमेकांना दोष दिला जातो. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)



उर्दूत आपण 'हाथों के तोते उड गए' असे म्हणतो. मोठा धक्का बसला, काय करावे ते सुचेनासे झाले, असा त्याचा अर्थ. अशाच प्रसंगी मराठीत 'तोंडचे पाणी पळाले' असे म्हणतात. दोन्ही भाषांनी एकाच घाबरलेल्या माणसाकडे पाहिले. एकीला त्याचे रिकामे हात दिसले, दुसरीला त्याचे कोरडे पडलेले तोंड दिसले. ज्याच्या घरचा पक्षी खरोखरच उडून जातो, त्याला मात्र या वाक्प्रचारांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

समजा, सकाळची वेळ आहे. तुमच्या धाकट्या बहिणीने वाटीतले पाणी बदलण्यासाठी पिंजऱ्याचे दार उघडले. तेवढ्यात बाहेर कोणीतरी कडी वाजवली. तिने मान वळवली आणि पक्षी भुर्रकन खिडकीबाहेर गेला. समोरच्या पत्र्यावर क्षणभर बसला आणि दिसेनासा झाला. बहीण रडू लागली. अम्मी म्हणाली, "दार लावून घ्यायला काय झाले होते?" दादी म्हणाली, "इतके दिवस दाणापाणी दिले, शेवटी बेइमानच निघाला." आणि तुम्ही? तुम्ही पायात चपला अडकवून धावत सुटलात. कोणत्या दिशेला, ते तुम्हालाही ठाऊक नाही.

थांबा. धावण्याआधी एक प्रश्न विचारा : उडून गेला, तो पक्षी कोणता?

हा प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावरच सारे अवलंबून आहे. आपल्या घरांत बहुधा तीन प्रकारचे पक्षी पाळलेले दिसतात : कबूतर, छोटा रंगीत बजरीगर आणि हिरवा पोपट. तिघांनाही पंख आहेत, तिघेही उडून जाऊ शकतात. पण तिघांच्या उडून जाण्याचा अर्थ एक नाही.

पहिले कबूतर. कबुतराला आपले घर ओळखता येते. दूर नेऊन सोडले तरी ते घराची दिशा शोधून काढते. सूर्याची जागा, पृथ्वीचे चुंबकत्व, वास आणि ओळखीच्या खुणा यांची त्याला मदत होते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली निरोप पोहोचवण्यासाठी कबुतरांचे पथक सुरू केले होते. १९९९ साली तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. तारा तुटल्या, दूरध्वनी बंद पडले. तेव्हाही या कबुतरांनी निरोप पोहोचवले. म्हणून घरचे कबूतर उडाले तर घाबरू नका. त्याचा खुराडा उघडा ठेवा, दाणे टाका आणि वाट पाहा. मात्र कालच विकत आणलेले कबूतर उडाले, तर ते बहुधा जुन्या मालकाकडे जाईल. त्याला बेइमान म्हणू नका. त्याला एकच घर ठाऊक आहे आणि ते तिकडेच निघाले आहे.

दुसरा पक्षी बजरीगर. बाजारात याला पुष्कळदा 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, तर बजरीगर ऑस्ट्रेलियातला. तेथील कोरड्या प्रदेशात हे पक्षी थवे करून पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात फिरतात. रानातला बजरीगर हिरवा असतो. निळा, पांढरा असे रंग माणसाने पिंजऱ्यात पैदास करताना टिकवले. तुमच्या घरचा बजरीगर पिंजऱ्यात जन्मला. त्याच्या आईवडिलांनीही बहुधा रान पाहिलेले नसते. राळे, म्हणजे आपण ज्याला कंगनी म्हणतो, ते वाटीत मिळते एवढेच त्याला माहीत. दाणा कोठे शोधावा, कावळ्यापासून कसे लपावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

म्हणून बजरीगर उडाला तर वेळ घालवू नका. आकाश पाहून तो आनंदाने गेला, असे समजू नका. दचकलेला पक्षी वाट फुटेल तिकडे उडतो आणि दमला की मिळेल त्या झाडावर किंवा गच्चीवर बसतो. उंच जागेवरून खाली उतरण्याची त्याला सवय नसते. तो वरून तुम्हाला पाहतो, तुमची हाक ऐकतो. तरी खाली येत नाही. याला हट्ट म्हणू नका, त्याला ते जमतच नाही.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात. तो कोणत्या दिशेला गेला ते पाहून ठेवावे. आधी घराजवळची झाडे, गच्च्या आणि विजेच्या तारा पाहाव्यात. हिरवा पक्षी पानांत दिसत नाही. तेथे डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. घरात दुसरा बजरीगर असेल, तर त्याचा पिंजरा गच्चीवर सावलीत ठेवावा व जवळ बसून मांजरांवर लक्ष ठेवावे. सोबत्याचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा लवकर पोहोचतो. शेजारी रिकामा पिंजरा दार उघडे ठेवून, दाणापाणी भरून ठेवावा. दगड मारू नये, काठीने झाड हलवू नये. अंधार पडू लागला की पाठलाग थांबवावा. अंधारात त्याला नीट दिसत नाही. हुसकावल्यास तो भिंतीवर किंवा तारेवर आदळेल. रात्री तो आहे तेथेच बसून राहतो. पहाटे भूक लागली की आवाज करतो. तेव्हा पुन्हा जावे. हाताच्या अंतरावर आला, तर पातळ ओढणी हलकेच टाकून धरावे.

आणखी एक काम आहे. ते तुमच्या मराठीच्या वहीत होऊ शकते. एक सूचना लिहा आणि किराणा दुकान, पिठाची गिरणी, दवाखाना येथे लावा. उर्दूत लिहाच, पण मराठीतही लिहा. पक्षी उडताना तो मोहल्ल्याची हद्द पाहत नाही. पलीकडच्या वाडीतल्या ज्या आजी सकाळी तुळशीला पाणी घालायला बाहेर येतात, त्यांनाच तो आधी दिसेल कदाचित. त्यांना तुमची सूचना वाचता आली पाहिजे. ती अशी असावी :

'निळ्या रंगाचा लहान पक्षी हरवला आहे. तोंड पांढरे असून मानेवर काळ्या रेघा आहेत. मंगळवारी सकाळी उडून गेला. दिसल्यास कृपया हुसकावू नये. पिठाच्या गिरणीवर निरोप द्यावा. लहान मुलीचा पक्षी आहे.'

पाहा, थोडक्या वाक्यांत रंग, खूण, वार आणि पत्ता आला. शेवटचे वाक्य नसते तरी सूचना पूर्ण झाली असती. पण ते वाचून माणूस एकदा तरी मान वर करून झाडाकडे पाहील.

हेही लक्षात ठेवा. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची दया येऊन कोणी बजरीगरला मुद्दाम बाहेर सोडतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला दाणा शोधता येत नाही, त्याला रानात सोडणे म्हणजे दया नव्हे. पाळायचे असेल तर मोठा पिंजरा, सोबतीला जोडीदार आणि रोज स्वच्छ पाणी द्यावे. हे शक्य नसेल तर पाळू नये.

तिसरा पक्षी पोपट. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असलेला हिरवा नर आणि कंठी नसलेली मादी तुम्ही पाहिली असेल. हा आपल्याच मातीतला पक्षी. झाडाच्या ढोलीत तो घर करतो. पिंजऱ्यात विकायला येणारे पोपट बहुधा ढोलीतून पळवलेली पिल्ले असतात. त्यांना उडता येऊ नये म्हणून पंख कापतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने असे पोपट पकडणे, विकणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे.

मग असा पोपट घरातून उडाला आणि सरळ थव्याकडे निघाला, तर? तर त्याला जाऊ द्या. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. तो हरवला नाही. ज्या घरातून त्याला आणले होते, तिकडे तो निघाला आहे. तो नीट उडू शकत नसेल, जमिनीवर पडत असेल, तर कापडात धरून भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या कार्यालयात कळवा. अजून कोणाच्या घरी असा पोपट असेल, तर त्यानेही नुसते दार उघडून देऊ नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पंखांत बळ नसते. तेथेही वनविभागाचाच सल्ला घ्यावा.

'हा पक्षी कोणता?' हा प्रश्न मुंबईच्या एका मुलानेही विचारला होता. त्याच्या हाती एक वेगळीच चिमणी आली होती. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. तिचे नाव विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथे त्याला शेकडो पक्षी दाखवण्यात आले आणि पक्ष्यांना ओळखणे हेच पुढे त्याचे आयुष्य झाले. ते डॉ. सलीम अली (१८९६-१९८७). आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्यातला १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस.

आता पुन्हा त्या रडणाऱ्या बहिणीकडे वळा. पक्षी परत येवो अथवा न येवो, तिला दोष देऊ नका. ती दार उघडत होती ती पक्ष्याला ताजे पाणी मिळावे म्हणून. दादीलाही हळूच सांगा, की पक्षी बेइमान नसतो. पंख आहेत म्हणून तो उडतो. इमान राखायचे असते ते आपण : ज्याला आपली गरज आहे त्याला शोधून, आणि ज्याला नाही त्याला जाऊ देऊन.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विकत आणलेले कबूतर उडाल्यावर बहुधा कोठे जाते?
(आ) अंधार पडल्यावर पाठलाग का थांबवावा?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बजरीगरला बाहेर सोडणे म्हणजे दया नव्हे, असे का म्हटले आहे?
(आ) उडून गेलेल्या पोपटाविषयी आपले कर्तव्य कोणते?

३. वाक्यात उपयोग करा : तोंडचे पाणी पळणे, वाट फुटेल तिकडे जाणे, दिसेनासा होणे.

४. तुमच्या शेजाऱ्यांची बकरी हरवली आहे. तिच्यासाठी पाच ओळींची सूचना मराठीत तयार करा.