गाडी सोडायची नाही

टूसॉन, ॲरिझोना
३ जुलै

चि. सौ. मधुरास,

तुझ्या आईनं सांगलीहून तुमचा व्हिडिओ पाठवला. वर लिहिलंय, ‘जावईबापूंची वाळवंटात पदयात्रा’, आणि पुढे हसरे चेहरे. ताईला हसू येणारच. सांगलीच्या आसपास गाडी बंद पडली तर दहा मिनिटं चाललं की चहाची टपरी लागते आणि टपरीवाल्याच्या ओळखीतला एखादा फिटर निघतोच. मी मात्र तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. मागचं चाक अर्ध्याच्या वर वाळूत. अनिकेतराव हाफ पँटवर, हातात एक बाटली, तीही अर्धी. आणि सावली पायाखाली गोळा झालेली, म्हणजे टळटळीत दुपार. तू कॅमेऱ्यामागून हसतेयस, ‘सांभाळून जा रे!’

पुढचं मला माझ्या समीरकडून कळलं. अडीच तास अनिकेतरावांचा पत्ता नव्हता. कुणा पिकअपवाल्याला ते रस्त्याकडेला बसलेले दिसले, त्यानं तुझ्यापर्यंत आणून सोडलं तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. हे मात्र घरच्या ग्रुपवर आलं नाही. ताईला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला फोन करतेय तर लागत नाही, म्हणून लिहितेय. रेंज आली की आधी हे वाच, फोटो नंतर टाक.

गाडी सोडायची नाही, मधुरा. बंद पडो, रुतो, टायर फुटो, गाडी सोडून चालायला लागायचं नाही. त्यांनीही नाही, तूही नाही. एकानं जायचं आणि एकानं थांबायचं हा प्रकार तर मुळीच नाही.

मुळात तुम्ही त्या रस्त्याला लागलातच कशाला? ब्राइसहून पेजला येणारा डांबरी रस्ता कनॅबवरून येतो. लांब पडतो, कबूल. फोननं कॉटनवुड कॅनियनचा कच्चा रस्ता जवळचा म्हणून दाखवला आणि तुम्ही निघालात. तो रस्ता कोरडा असेपर्यंत वाळूचा आणि पाऊस पडला की चिखलाचा. भिजलेली ती चिकणमाती चाकाला अशी धरते की जीपसुद्धा सुटत नाही. भाड्याची आरव्ही, म्हणजे हे चाकांवरचं घर, कच्च्या रस्त्यावर न्यायची करारातच मनाई असते. वाचलात का तो करार सहीच्या आधी? डेथ व्हॅलीला जायला मिळालं नाही म्हणून तू चिडली होतीस, तेही अशाच कलमामुळं. उन्हाळ्यात तिथं गाडी न्यायला बरेच भाडेवाले परवानगी देत नाहीत, आणि बरंच करतात. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ५६.७ सेल्सिअस नोंदले गेले होते. जुलैत तिथं हौसेनं जायचं म्हणजे काय, सांग बरं.

डेथ व्हॅलीचीच एक हकिकत सांगते. इथल्या जुन्या लोकांना ती ठाऊक असते. १९९६ च्या जुलैत एक जर्मन कुटुंब भाड्याची व्हॅन घेऊन तिथं आलं. एक जोडपं आणि दोन मुलं. ती चौघं परत गेलीच नाहीत. ऑक्टोबरमध्ये व्हॅन सापडली, एका आडबाजूच्या दरीत, टायर बसलेले. आत माणूस नाही. खूप शोध झाला, काही लागलं नाही हाती. मोठ्या माणसांची हाडं सापडली ती २००९ मध्ये, व्हॅनपासून मैलोन्‌मैल लांब. गाडी तीन महिन्यांत मिळाली, माणसांना तेरा वर्षं लागली. हे मी तुला भीती घालायला सांगतेय, उगाच आडपडदा ठेवत नाही. वरून हेलिकॉप्टरला पंचवीस फुटी पांढरी गाडी दिसते. हाफ पँटवाला माणूस दिसत नाही.

तर गाडी बंद पडली तर करायचं काय, तेही ऐकून घे. आत बसून राहायचं नाही, पातळ भिंतींची ती खोली दुपारी भट्टी होते. सावलीच्या बाजूला खुर्च्या टाकून बसा. जमिनीवर टेकू नका, जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. बॉनेट उघडं ठेवा. तुझी ती लाल ओढणी टपावर बांध. फोनला रेंज नसली तरी ९११ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर सापडला तर तेवढा एक फोन लागतो. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे जवळजवळ चार लिटर, प्यायचं वेगळं ठेवा. गाडीच्या टाकीतलं भांड्यांना वापरा. आणि पेट्रोल कधीही अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. या गाड्यांचा जनरेटर त्याच टाकीतून पितो. टाकी पावावर आली की तो आपोआप बंद पडतो, इंजिनाला थोडं उरावं म्हणून केलेली सोय ती. जनरेटर गेला की एसी गेला. समीर म्हणाला की त्या दिवशी तुमचं हेच झालं आणि ‘आत बसवेना’ म्हणून अनिकेतराव निघाले. खरं का?

नुसतं पाणी ढोसू नका हेही सांगते. घामातून मीठ जातं आणि पोटात पाणीच पाणी होतं, मग मळमळतं, डोकं दुखतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. ग्रँड कॅनियनचे रेंजर लोकांना खारं खायला लावतात ते याचसाठी. तुझ्याकडं लिंबाचं लोणचं आहे ना आईनं दिलेलं? पाण्याबरोबर एकेक फोड चोखा. मीठ-साखरेचं पाणी करून बाटल्या भरून ठेव. अमेरिकन दुकानातल्या रंगीत पाण्यावर पैसे घालवायची गरज नाही.

पेजला आलात म्हणजे अँटिलोप कॅनियन बघणार. बघाच. पण १२ ऑगस्ट १९९७ ला त्याच कॅनियनमध्ये अकरा माणसं वाहून गेली, आणि त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता. तो काही मैल वर पडला होता. इथला पावसाळा आता कधीही सुरू होईल. आपल्याकडच्यासारखी झड लागत नाही. दुपारी लांब कुठंतरी डोंगरावर काळं होतं, आणि तुम्ही उन्हात उभे असता तिथल्या कोरड्या ओढ्यातून लोंढा येतो, झाडं-दगड घेऊन. आता नवाहो जमातीच्या गाइडशिवाय आत सोडत नाहीत. तो ‘आज नाही’ म्हणाला तर पैसे गेले म्हणून वाद घालू नका. मुक्कामाला ओढ्याच्या पात्रात गाडी लावायची नाही, जागा कितीही सपाट दिसू दे. आणि पाणी रस्त्यावर आलं, अडथळे लावले, की थांबायचं. अडथळे चुकवून पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च चालवणाऱ्याकडून वसूल करायचा कायदाच आहे ॲरिझोनात. लोक त्याला ‘मूर्ख चालक कायदा’ म्हणतात. आपल्या घराण्याचं नाव त्यात नको.

हो, मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना तुमचं घड्याळ एक तास पुढं पळेल. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं हलवत नाही, नवाहो हलवतात, आणि नवाहोंच्या मधोमध राहणारे होपी पुन्हा हलवत नाहीत. तुझे काका म्हणायचे, एका दिवसात चारदा वेळ बदलून आपण होतो तिथंच.

काकांचं नाव निघालं म्हणून लिहिते. तांब्याच्या खाणीत जन्म गेला त्यांचा, पण सुट्टीच्या दिवशी नकाशे पसरून बसायचे जेवणाच्या टेबलावर, ताटं मांडायला जागा नसायची. निवृत्त झाल्यावर जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. मी खिडक्यांना पडदे शिवले, निळ्या चौकड्यांचे. बस्स, माझी हौस तिथं संपली. आधी समीरची फी, मग माझी लायब्ररीतली नोकरी, मग गुडघे. पुढच्या वर्षी जाऊ. ते एकटे जायला तयार नव्हते. ‘तुझ्याशिवाय कुणाला दाखवू?’ म्हणायचे.

ग्रँड कॅनियन पाहिलं मी, भारतातून पाहुणे आले की दक्षिण काठ दाखवायचा हा आमचा रिवाजच होता. दर वेळी कठड्याशी उभे राहून काका पलीकडं बोट दाखवायचे. तो उत्तर काठ. तिथं दगड-लाकडाचं जुनं लॉज आहे, व्हरांड्यात बसलं की दरी पायाशी. समोर दहा मैलांवर दिसतंय, पण गाडीनं वळसा दोनशे मैलांचा. पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत परत आणायचं असायचं, मग कुठला वळसा. व्हॅन दारात उभ्याउभ्या तिच्या टायरांना चिरा पडल्या. ते गेल्यावर मी विकली. पडदे मात्र काढून घेतले. ते लॉज १९२८ मध्ये बांधलेलं, १९३२ मध्ये जळलं, १९३७ मध्ये पुन्हा उभं राहिलं. जुलै २०२५ च्या वणव्यात ते गेलं. बातमी ऐकली तेव्हा मला जवळचं कुणी गेल्यासारखं झालं. मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं ते.

म्हणून तुम्ही निघालात हे कळलं तेव्हा ताईसारखं ‘काय हे खूळ, एवढं भाडं, चांगली हॉटेलं नाहीत का’ असं मी म्हटलं नाही. उलट बरं वाटलं. नवराबायको पंचवीस फुटांच्या डब्यात पंधरा दिवस राहतात, एकाच चिंचोळ्या पॅसेजमध्ये एकमेकांना वाट देतात, सांडपाण्याची टाकी कोण रिकामी करणार यावर भांडतात. भांडा खुशाल. पण अनिकेतराव तुला गाडीत सोडून एकटे निघाले तेव्हा त्यांना वाटलं असेल की आपण बायकोला जपतोय. आणि तू हसत होतीस, तुझ्या पोटात गोळा आला असणार तरी. मला ठाऊक आहे तुझं हसणं, लहानपणी पडलीस तरी आधी हसायचीस. अगं, जपायचंच तर दोघांनी एका सावलीत बसून वाट बघायची. कंटाळा येतो, तोंडं सुकतात, बोलायचे विषय संपतात. चालेल. गाडी सोडायची नाही.

आता इकडं यायचा रस्ता. होलब्रुकवरून सरळ खाली याल तर सॉल्ट रिव्हर कॅनियनचा घाट लागेल. अनिकेतरावांनी आंबा घाट चालवलाय, पण तो मारुतीत. ही गाडी जड आहे. उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही. चढताना एसी बंद, नाहीतर इंजिन तापतं. नको वाटलं तर फिनिक्सवरून या, पण त्या हायवेवर पिकाचोच्या आसपास धुळीची वादळं उठतात. समोर तपकिरी भिंत दिसली की रस्त्याच्या पार बाहेर गाडी घ्यायची, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू ठेवावेसे वाटतात, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यालाच रस्ता समजून येऊन आदळतो. रात्र झाली किंवा एसी बिघडला तर सरळ मोटेल घ्या. तिकडच्या कितीतरी मोटेलांचे मालक गुजराती आहेत, चहा तरी नीट मिळेल. पैशांकडं बघू नका, मी देईन.

निघायच्या आधी रोज मला एक ओळ टाकायची, कुठून कुठं आणि किती वाजेपर्यंत. वेळ टळून गेली तर मी शेरिफला फोन करीन आणि जावयांची शोभा करीन, त्यांना सांगून ठेव.

माझ्याकडं सगळं तयार आहे. दारातल्या सग्वारो निवडुंगाला वर फळं फुटलीत, आतला लाल गर खायला पारवे पहाटेपासून भांडतात, तुम्ही येईपर्यंत उरतील न उरतील. काकांचे नकाशे मी काढून ठेवलेत. रेंज नसली तरी कागद दिसतो. त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात आणि बाजूला बारीक अक्षरात काहीबाही लिहिलंय, मला आता भिंगातूनही लागत नाही. तुम्ही वाचून दाखवा, मग घेऊन जा.

अनिकेतरावांना आशीर्वाद सांग. त्यांचा राग आलेला नाही मला. त्यांना थालीपीठ आवडतं ना? भाजणी आहे.

तुझी,
मावशी

ता. क. ड्राइव्हवेत तुमची गाडी मावेल, समीरकडून टेपनं मोजून घेतलंय. एक रात्र मला तुमच्या गाडीत झोपू द्याल का? तुम्ही घरात झोपा हवं तर. घराच्या साध्या प्लगवर तुमचा एसी चालणार नाही म्हणे, पण पंखा चालेल. पडदे मी घेऊन येते.