रोहित मत्स्य : अधिवास, गुण आणि एक सावधानता

मिहान परिसरातील मांसाहारी रुग्ण पथ्य विचारतात तेव्हा प्रश्न बहुधा रोहूविषयी असतो. रोहू हाच संहितोक्त ‘रोहित’ (लेबिओ रोहिता) मानला जातो.

अधिवास : सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा ही या माशाची मूळ नदीखोरी. नागपूर जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात येतो. येथील रोहू मूळचा नव्हे, बीज सोडून वाढविलेला आहे. रोहू पाण्याच्या मधल्या थरात वावरतो. पिले सूक्ष्म जलजीवांवर, तर प्रौढ मासे मुख्यतः शेवाळ व पाणवनस्पतींवर जगतात. पावसाळ्यात पूर आलेल्या नदीत तो अंडी घालतो, साचलेल्या तळ्यात नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काने प्रेरित प्रजनन साधले आणि तळ्यांसाठी बीज सुलभ झाले.

गुण : चरकाचार्यांनी मत्स्यवर्गात रोहितास श्रेष्ठ ठरविले. तो शेवाळ खातो व झोपत नाही, म्हणून दीपनीय, लघुपाकी व बलकर, अशी कारणमीमांसा त्यांनी केली आहे. येथे गुण आहार-विहारावर आधारलेला आहे. आज संवर्धित रोहूस तांदळाचा कोंडा व पेंड दिली जाते. तेव्हा संहितोक्त लघुत्व त्यास सरसकट लागू करणे आम्हास योग्य वाटत नाही. रुग्णाचा अग्नी पाहूनच मात्रा ठरवावी. दुधासह कोणताही मासा वर्ज्यच. चिलचिम तर विशेषेकरून.

सावधानता : मधुमेह, दमा, सांधेदुखी यांवर रोहूचे कच्चे पित्त गिळण्याची घातक प्रथा काही ठिकाणी आढळते. या कुळातील माशांच्या पित्तातील सायप्रिनॉल सल्फेट यकृत व वृक्क यांस इजा करते. शिजविल्यानेही ते नष्ट होत नाही. काही तासांत उलट्या, पोटदुखी व अतिसार होतात. दोन-तीन दिवसांत मूत्र कमी होऊ लागते. अशा रुग्णास प्रश्न विचारून पित्तसेवनाचा इतिहास घ्यावा आणि विलंब न लावता डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. वेळीच उपचार मिळाल्यास वृक्क बहुधा पूर्ववत होतात.

रसग्रंथांत काही कल्पांच्या भावनेसाठी मत्स्यपित्त सांगितले आहे. तेवढ्या आधारावर औषधालयचालकांनी कच्चे पित्त कोणासही देऊ नये, ही आमची आग्रहाची विनंती.