प्रोलॅक्टिन पूर्वी वाढलं होतं? मग हॉर्मोन सुरू करण्याआधी हे करा

रजोनिवृत्तीत रात्री घामाने जाग येणं, अंगातून एकदम वाफा निघणं, यावर इस्ट्रोजेनइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. पण इस्ट्रोजेन पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींना चालनाही देतं. म्हणून पूर्वी प्रोलॅक्टिन वाढलेल्या बायका धास्तावतात. यांतल्या बऱ्याच जणींना हॉर्मोन घेता येतात. मात्र क्रम चुकवू नये.

१. जुनी फाईल शोधा. प्रोलॅक्टिन किती होतं, एमआरआयमध्ये पिट्युटरीत गाठ होती का, कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन कधीपर्यंत घेतलं, हे एका कागदावर लिहा. फाईल हरवली असेल तर आठवेल तेवढं लिहा.

२. पाळी खरंच गेली का, याची खात्री करा. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती धरतात. पण प्रोलॅक्टिन वाढल्यानेही पाळी थांबते. शंका असेल तर एफएसएच तपासतात: रजोनिवृत्तीत ते चढतं, प्रोलॅक्टिनमुळे पाळी थांबली असेल तर चढत नाही.

३. प्रोलॅक्टिन आणि टीएसएच नव्याने तपासा. झोपेतून उठल्या उठल्या रक्त देऊ नका. एक-दोन तास जाऊ द्या. धावतपळत लॅबमध्ये पोचला असाल तर थोडं शांत बसा. ताण आणि व्यायाम यांनीही आकडा वाढतो. थायरॉइड मंदावलं असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं. तेव्हा आधी थायरॉइडवर उपचार.

४. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. ॲसिडिटीच्या अनेक गोळ्यांत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. मनोविकारावरची काही औषधंही वाढवतात, पण ती आपल्या मनाने बंद करू नका.

५. गाठीचा आकार पाहून पुढे जा. गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान होती आणि आता प्रोलॅक्टिन नॉर्मल आहे, तर सहसा अडचण येत नाही. गाठ त्याहून मोठी होती किंवा आकडा अजून चढा आहे, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टचा सल्ला आणि गरजेप्रमाणे नवा एमआरआय आधी, हॉर्मोन नंतर.

६. बाकीच्या अडचणी तपासा. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर डॉक्टर सहसा दुसरा उपाय निवडतात. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरुवात केलेली बरी. प्रोलॅक्टिनमुळे तरुणपणी पाळी दीर्घकाळ बंद असेल तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. डेक्सा तपासणी करून घ्या.

७. कमीत कमी मात्रेने सुरू करा. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पॅचने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर आतलं अस्तर वाढतं. त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल, तर तिथे लावायचं कमी मात्रेचं क्रीम पुरतं. त्यातलं इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडं उतरतं.

८. लक्ष ठेवा. हॉर्मोन सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं प्रोलॅक्टिन तपासा. पूर्वी पाळी चुकली की संशय यायचा. आता ती खूण उरलेली नाही. म्हणून नवी डोकेदुखी, दोन्ही बाजूंचं कमी दिसणं किंवा स्तनातून दुधासारखा स्राव यांतलं काहीही जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

मैत्रिणीला मानवलेलं जेल तिच्या चिठ्ठीवर आणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना पहिल्या पायरीवर लिहिलेला कागद बरोबर न्या आणि त्यांनी विचारण्याआधीच तो पुढे ठेवा.